शिंका थांबल्या तरी कोंबड्या विकू नका

एका वाचक ताईंचे पत्र थोडे आटोपते करून देत आहे:

“माझ्याकडे परसात २२ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. दिवसा मोकळ्या फिरतात, रात्री खुराड्यात. शेजारच्यांच्या कोंबड्याही आमच्याकडे येतात. पंधरा दिवसांपूर्वी ओळखीच्यांकडून ३ तलंगा आणल्या. तजेलदार होत्या, म्हणून त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडल्या. चौथ्या दिवशी जुन्यांपैकी दोघी शिंकायला लागल्या. आता निम्म्याहून जास्त कोंबड्यांची तोंडे सुजली आहेत, नाकातून चिकट पाणी येते, डोळा मिटतो आणि जवळ घेतले की घाण वास येतो. अंडी निम्म्यावर आली, दोन कोंबड्या मेल्या. नव्या तिघी मात्र ठणठणीत आहेत. घरात अँटिबायोटिकची पावडर उरली होती, ती पाण्यातून दिली. दोन दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. शेजारी म्हणतात, चांगल्या दिसतात तेवढ्या विकून मोकळी हो. एक कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे. माझी नऊ वर्षांची मुलगी तिच्या लाडक्या कोंबडीला सोडतच नाही. कोणते औषध देऊ? अंडी खावीत का? सगळ्या माराव्या लागतील का? आणि नव्या कधी आणू?”

ताई,

औषधाचे तुम्ही सर्वात आधी विचारले आहे, पण त्याच्याआधी दुसरे काम आहे आणि ते आजच करायचे आहे. तुमच्या परसातून एकही कोंबडी, पिल्लू, अंड्यांचा ट्रे, डालगे किंवा खताचे पोते बाहेर जाऊ देऊ नका आणि बाहेरचे काही आत येऊ देऊ नका. विक्रीचा विचार मनातून काढून टाका. आज ज्या चांगल्या दिसतात त्यांपैकी बऱ्याच जणींच्या अंगात रोग शिरलेला असणार, फक्त अजून दिसत नसेल. त्या विकत घेणारा माणूसही तुमच्यासारखाच विश्वासाने त्यांना त्याच संध्याकाळी आपल्या खुराड्यात सोडेल. तुमच्या घरी हा रोग ज्या वाटेने आला, त्याच वाटेने तो तुमच्या हातून पुढच्या घरी जाऊ नये, एवढे मला तुमच्याकडून हवे आहे. बाकीचे सगळे सल्ले त्यानंतर.

शेजाऱ्यांनाही आजच सांगा. त्यांच्या कोंबड्या तुमच्या अंगणात येत असतील, तर तुमच्या पाण्याच्या भांड्यात चोच घालूनच त्या घरी परततात. हे सांगायला अवघड जाते, मला कळते. आजाराचे नाव काढले की लोक बोट दाखवतील असे वाटते. पण शेजाऱ्याला आठवड्यानंतर स्वतःच्या खुराड्यात पाहून कळण्यापेक्षा आज तुमच्या तोंडून कळलेले कधीही चांगले. दोघांनीही निदान काही आठवडे कोंबड्या आपापल्या कुंपणात ठेवाव्यात.

आता एक मोठी भीती बाजूला करू. श्वासाचा त्रास दिसला की दोन रोगांची शंका आधी घ्यावी लागते: बर्ड फ्लू आणि रानीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो. बर्ड फ्लूच्या तीव्र प्रकारात कोंबड्या शिंकत बसत नाहीत. काल दाणा टिपणाऱ्या आज मरून पडलेल्या सापडतात, एकीमागून एक. तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी काळी-निळी पडते, डोके फुगते, पायांवर रक्त साकळल्याचे डाग दिसतात. रानीखेतमध्ये हिरवट पातळ शी, लुळे पडलेले पंख किंवा पाय आणि पीळ पडलेली मान दिसते. तोंडाची सूज सोडली तर तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत यातले काही नाही आणि पंधरवड्यात मरतुक दोनच आहे, म्हणून माझा कौल या दोन रोगांकडे जात नाही. पण पत्रावरून दिलेला कौल म्हणजे तपासणी नव्हे. उद्या सकाळी अचानक तीन-चार कोंबड्या मेलेल्या दिसल्या किंवा वर सांगितलेली लक्षणे दिसली, तर मेलेल्या कोंबडीला हात लावू नका, कापून पाहू नका, सरळ सरकारी पशुवैद्यकांना फोन करा. हे दोन्ही रोग कळवणे बहुतेक देशांत कायद्यानेच बंधनकारक आहे आणि ते योग्यही आहे.

तपासणीचा निकाल येईपर्यंत मुलीला कोंबड्यांपासून दूर ठेवा. तिला वाईट वाटेल, पण सध्या लाडक्या कोंबडीला जाळीपलीकडून पाहू दे. तुम्ही स्वतः खुराड्यात जाताना नाका-तोंडावर मास्क आणि हातमोजे घाला, बाहेर आल्यावर साबणाने हात धुवा. घरात कोणाला ताप, खोकला आला किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आजारी कोंबड्यांशी संबंध आल्याचे आवर्जून सांगा. रानीखेतच्या विषाणूने माणसाचे डोळे येऊ शकतात आणि बर्ड फ्लू क्वचित का होईना, माणसाला गाठतो.

मग तुमच्याकडे आहे तरी काय? माझी पहिली शंका कोरायझावर आहे. हा जिवाणूमुळे होणारा रोग कोंबड्यांमध्ये फार वेगाने पसरतो. आजारी कोंबडीशी संबंध आल्यावर १ ते ३ दिवसांत शिंका आणि नाकातले पाणी सुरू होते, मग डोळ्याखाली व गालावर सूज येते, डोळा चिकटतो आणि नाकातला स्राव घट्ट झाला की तो घाण वास सुटतो. तुमच्या चौथ्या दिवसाच्या शिंका या हिशेबात चपखल बसतात. लहान पिलांपेक्षा मोठ्या, अंड्यावरच्या कोंबड्यांना तो जास्त त्रास देतो. एकटा असेल तर मरतुक कमी ठेवतो, पण अंडी साधारण १० ते ४० टक्क्यांनी उतरवतो.

तुमच्या पत्रातले सर्वात बोलके वाक्य मात्र सुजेचे किंवा वासाचे नाही. “नव्या तिघी मात्र ठणठणीत आहेत” हे ते वाक्य. आणलेल्या कोंबड्या निरोगी आणि घरच्या आजारी, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की नव्या कोंबड्या हा रोग आधीच भोगून बसल्या आहेत. वरून बऱ्या झाल्या, पण जंतू त्यांच्या नाकात राहिला. अशी वाहक कोंबडी वर्षभर एकदाही न शिंकता दाणा टिपते, अंडी देते आणि पाण्याच्या भांड्यातून रोग वाटत राहते. ज्यांनी तुम्हाला तलंगा दिल्या त्यांनी फसवले असे मनात आणू नका. बहुधा त्यांनाही हे माहीत नाही. म्हणूनच त्यांना कळवा. त्यांच्याकडच्या बाकीच्या कोंबड्या आणखी कोणाकडे गेल्या असतील किंवा जाणार असतील.

एक गोष्ट मात्र मला खटकते. तुमची अंडी निम्म्यावर आली, म्हणजे एकट्या कोरायझाच्या मानाने घट जरा जास्तच. म्हणून सोबत दुसरा रोग असण्याची शक्यता मी धरते. श्वसनाचे रोग जोडीने आढळणे नवीन नाही. सर्वात जास्त संशय सीआरडीचा, म्हणजे मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणाऱ्या श्वसनरोगाचा. तो हळू चालतो, रात्री खुराड्याशी कान लावला तर घशातली खुरखुर ऐकू येते, आठवडेच्या आठवडे रेंगाळतो आणि एकदा शिरला की कोंबडीच्या अंगातून जन्मभर जात नाही. अंड्याची कवचे सुरकुतलेली, खडबडीत निघत असतील आणि फोडल्यावर पांढरा बलक पाण्यासारखा पसरत असेल, तर इन्फेक्शियस ब्राँकायटिस (आयबी) हा विषाणूजन्य रोग आठवावा. तो तर दोन दिवसांत सगळ्या खुराड्यात फिरतो. मान ताणून, चोच उघडून श्वास घेणारी कोंबडी आणि भिंतीवर किंवा पिसांवर रक्तमिश्रित कफ दिसला, तर आयएलटी हा श्वासनलिकेचा विषाणूजन्य रोग. तोंड उघडून पाहिल्यावर आत पिवळसर चिकट थर दिसला, तर देवी रोगाचा तोंडात होणारा प्रकार. यांतली लक्षणे एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की नुसत्या नजरेने ठाम नाव घेणे जाणकारालाही जमत नाही.

म्हणून तपासणी करून घ्या. पुष्कळ जण म्हणतात, थोड्या कोंबड्यांसाठी प्रयोगशाळा कशाला? पण पुढे कोंबड्या ठेवायच्या की नाही, अंडी उबवायची की नाही, हे सगळे निर्णय रोगाच्या नावावर अवलंबून आहेत. पशुवैद्यक नुकत्याच आजारी पडलेल्या दोन-तीन कोंबड्यांच्या नाकातून, टाळूच्या फटीतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात. जुन्या, आठवडाभर सुजलेल्या कोंबडीपेक्षा कालपासून शिंकणारी कोंबडी नमुन्यासाठी अधिक चांगली. बर्ड फ्लूची शंका नसताना एखादी मेली, तर हातमोजे घालून ती दोन पिशव्यांत बांधा, बर्फात थंड ठेवा, पण गोठवू नका आणि लवकरात लवकर पोहोचवा. तुम्ही दिलेल्या पावडरीचे नाव आणि दिवस त्यांना नक्की सांगा. औषध पोटात असताना जिवाणू वाढवून पाहण्याची चाचणी फसू शकते. अशा वेळी जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी जास्त उपयोगी पडते.

तोवर खुराड्यात काय करायचे? निम्म्याहून जास्त आजारी असताना आजारी वेगळ्या काढून साथ थांबेल, अशी आशा मी दाखवणार नाही. तरीही वेगळ्या काढाच. कारण सुजलेल्या डोळ्याच्या कोंबडीला दाणा दिसत नाही, बाकीच्या तिला हुसकावतात आणि ती रोगापेक्षा उपाशीपोटी मरते. आडोशाला, वारा थेट अंगावर न येणारी पण मोकळ्या हवेची जागा निवडा. नव्या तिघींना मात्र आजारीच समजा. त्यांना निरोगी कोंबड्यांकडे ठेवू नका.

रोज काम करताना क्रम ठरवून घ्या: आधी निरोगी, मग आजारी आणि आजाऱ्यांकडून परत निरोग्यांकडे जायचे नाही. आजारी बाजूसाठी वेगळी चप्पल, वेगळी बादली, वेगळा खराटा. कोरायझाचा जंतू हवेतल्या तुषारांतून आणि त्याहूनही जास्त पिण्याच्या पाण्यातून पसरतो. नाक गळणारी कोंबडी पाण्यात चोच बुडवते आणि तेच पाणी बाकीच्या पितात. म्हणून पाण्याची भांडी दिवसातून दोनदा घासून धुवा, उन्हात वाळवा, शक्य तर दोन जोड ठेवा. दाणा जमिनीवर फेकणे सध्या बंद. चिमण्या, कबुतरे, उंदीर पोहोचणार नाहीत अशा भांड्यात, दिवसा संपेल एवढाच घाला.

शुश्रूषा साधी आहे आणि तिचा फरक दिसतो. कोमट पाण्यात थोडे मीठ घालून स्वच्छ कापसाने डोळे आणि नाकपुड्या दिवसातून दोनदा पुसा, प्रत्येक कोंबडीला नवा कापूस. चोचीवरची सुकलेली खपली ओढून काढू नका, भिजवून सैल करा. खाद्य पाण्यात भिजवून मऊ करून चोचीसमोर धरा, कारण नाक चोंदलेल्या कोंबडीला कोरडा दाणा गिळणे जड जाते. सुजलेला गाल सुईने फोडायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. आत घट्ट झालेला पू बाहेर येत नाही, जखम मात्र होते.

आणि खुराड्यात धूर करू नका. रोग जावा म्हणून धुरी देणारी माणसे मनाने चांगलीच असतात, पण आधीच सुजलेल्या श्वासनलिकेत धूर गेला की कोंबडीची उरलीसुरली ताकद जाते. हवेचा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवा. सकाळी दार उघडताच खाली बसा, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक आणा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाकात झोंबले, तर तो ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया आहे. उभ्या माणसाला तो जाणवत नाही, पण कोंबडी रात्रभर त्यातच श्वास घेते. श्वासनलिकेच्या आतले कफ आणि धूळ बाहेर ढकलणारे बारीक केस या वायूने निकामी होतात आणि मग कोणताही जंतू सहज आत उतरतो. ओले तूस काढा, कोरडे भरा, छपरालगतच्या फटी मोकळ्या करा, गर्दी कमी करा. झाडताना धूळ उडणार असेल, तर कोंबड्या आधी बाहेर काढा.

आता औषध. मी नाव आणि मात्रा लिहिणार नाही. तुम्हाला टाळायचे म्हणून नव्हे, तर नाव न ठरता दिलेले औषध कसे वाया जाते हे तुम्ही नुकतेच पाहिले आहे. कोरायझावर काही अँटिबायोटिके लागू पडतात, कोंबड्या सावरतात, पण औषध थांबताच रोग पुन्हा डोके वर काढतो, हे या रोगात नेहमीचे आहे. तुमच्या ‘दोन दिवस बरे वाटले’चा अर्थ तोच. सीआरडीच्या जंतूला पेशीची भिंतच नसते. त्यामुळे त्या भिंतीवर घाव घालणारी पेनिसिलिनच्या जातीची औषधे त्याला काहीच करत नाहीत. आयबी, आयएलटी, रानीखेत हे विषाणूंचे रोग. त्यांवर अँटिबायोटिक चालतच नाही, फार तर मागून येणारा जिवाणूंचा संसर्ग अडतो. शिवाय पाण्यात घातलेले औषध सर्वात आजारी कोंबडीला सर्वात कमी मिळते, कारण तीच सर्वात कमी पाणी पिते. उरलेली पावडर, अंदाजाची चिमूट आणि अर्धवट दिवस, यातून जंतू औषधाला सरावतो आणि पुढच्या वेळी खरे औषधही हात टेकते. पशुवैद्यकांनी दिलेले औषध पूर्ण दिवस द्या, त्या काळात दुसरे पाणी ठेवू नका आणि रोज ताजे बनवा. काढे, मसाले, लसूण यांनी कोरायझा बरा होत नाही.

अंड्यांचे उत्तर औषधात दडलेले आहे. कोरायझा किंवा सीआरडी माणसाला होत नाही. पण तुम्ही दिलेल्या औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि उकळल्याने तो जाईलच असे नाही. प्रत्येक औषधाला शेवटच्या मात्रेनंतर थांबण्याचा काळ ठरलेला असतो आणि काही औषधे तर अंड्यावरच्या कोंबड्यांना द्यायचीच नसतात. पावडरीचे पाकीट पशुवैद्यकांना दाखवा. ते सांगतील तोवरची अंडी खाऊ नका, कोणाला देऊ नका, कुत्र्या-मांजरालाही घालू नका, पुरून टाका. आजारी किंवा मेलेली कोंबडी खाणे तर साफ वर्ज्य. मेलेल्या कोंबड्या विहीर-ओढ्यापासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. उघड्यावर किंवा वाहत्या पाण्यात फेकलेली कोंबडी साऱ्या परिसराला रोग देते.

सगळ्या माराव्या लागतील का, हा तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या प्रश्नांच्या आधीचे वाक्य मुलीचे आहे, म्हणून घाईने उत्तर देणार नाही. आधी एक वेगळे करू: जी कोंबडी दोन दिवस अन्नपाणी घेत नाही, दोन्ही डोळे बंद, चोच उघडून धापा टाकते, तिला ताटकळत ठेवू नका. पशुवैद्यकांकडून किंवा खात्रीने जाणणाऱ्या हातून तिची वेदना थांबवणे हीच तिची काळजी.

राहिलेल्यांचा निर्णय निकाल हातात आल्यावर घ्या. कोरायझा, सीआरडी किंवा आयएलटी निघाला तर समजून चला की वाचलेली प्रत्येक कोंबडी वाहक आहे. आयएलटीचा विषाणू तर मज्जातंतूंच्या गाठीत लपून बसतो. पीस झडण्याचा काळ, ऋतुबदल, जागाबदल, अंड्याचा पहिला भर, असा कोणताही ताण आला की तो जागा होतो. अशा वेळी तुमच्यापुढे दोनच प्रामाणिक वाटा आहेत. एक, सगळा कळप काढून टाकायचा, जागा साफ करून रिकामी ठेवायची आणि स्वच्छ पिलांपासून नवी सुरुवात करायची. दुसरी, कळप कायमचा बंद करायचा: आहेत त्या कोंबड्या त्यांच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत ठेवायच्या, पण त्यांतली एकही बाहेर जाणार नाही आणि नवी एकही आत येणार नाही. चांगल्या दिसतात तेवढ्या ठेवून त्यांत नव्या मिसळायच्या, ही तिसरी वाट बहुतेक जण धरतात. मला ती सर्वात क्रूर वाटते, कारण तिच्यात दर खेपेला नव्या कोंबड्या त्याच सुजेतून जातात आणि हे कधी संपतच नाही.

दोन वाटांपैकी कोणती? कोंबड्या, पिल्ले किंवा उबवणीची अंडी विकून तुम्ही पैसे मिळवत असाल, तर पहिली. तिच्यावाचून तुम्ही रोगच विकत राहाल. अंडी घरापुरती असतील, तर दुसरी वाट चालते आणि तुमच्या मुलीची कोंबडीही राहते. पण ती स्वस्तातली सुटका नाही. कोंबडी पाच ते आठ वर्षेही जगते. तेवढी वर्षे विकणे नाही, भेट देणे नाही, पाहुण्याच्या मुलाला एक पिल्लू देणे नाही. मोकळे फिरणेही बंद, कारण शेजाऱ्यांच्या कोंबड्या येतात. जाळीचे कुंपण लागेल आणि जाळीला जाळी भिडून चालणार नाही. पलीकडची कोंबडी चोचीला चोच लावू शकणार नाही एवढे अंतर मध्ये हवे. हे जमणार असेल, तर मी तुम्हाला दुसरी वाटच सुचवीन. जमणार नसेल, तर पहिली वाट धरताना अपराधी वाटून घेऊ नका. मुलीला खरे कारण सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला ते कळते आणि कोंबडी ‘पळून गेली’ असे सांगितलेले पुढे कधीतरी उघडे पडते.

अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखालची अंडी आजच काढा. तिथे मी अजिबात सवलत देणार नाही. सीआरडीचा जंतू आईकडून अंड्यातून थेट पिलात उतरतो, म्हणजे पिल्लू कवचातून बाहेर पडतानाच बाधित असते. कोरायझा अंड्यातून जात नाही, पण वाहक आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिलाला तो तिच्या नाकातून मिळतो. या फरकात एक चांगली शक्यताही आहे. निकालात फक्त कोरायझा निघाला आणि मायकोप्लाझ्मा नाही असे सिद्ध झाले, तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने, औषधाचा काळ संपल्यावर, स्वच्छ अंडी कवच निर्जंतुक करून यंत्रात उबवता येतात. ती पिल्ले जुन्या कोंबड्यांजवळ कधीच आणायची नाहीत, त्यांची जागा, भांडी, चप्पल सगळे वेगळे. म्हणजे तुमचा जुना वंश रोगाशिवाय पुढे जाऊ शकतो. देशी, जपलेली जात असेल तर हा खटाटोप नक्की करावा.

जागा साफ करताना जंतुनाशकाआधी खराटा आणि साबण. विष्ठेच्या थरावर ओतलेले जंतुनाशक त्या थरातच संपते. सगळे तूस काढून पुरा किंवा नीट झाकून कुजवा, बसायच्या दांड्या व फटी साबणाच्या पाण्याने घासा, वाळू द्या, मग जंतुनाशक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात लावून सांगितलेला वेळ ओले राहू द्या. मातीची जमीन असेल तर वरचा थर खरवडून काढा, चुना टाका, ऊन खाऊ द्या. कोरायझाचा जंतू कोंबडीबाहेर दोन-तीन दिवसच तग धरतो, पण इतर काही जंतू, विशेषतः थंड आणि ओल्या जागी, आठवडे टिकतात. म्हणून पहिली वाट धरलीत तर निदान तीन-चार आठवडे खुराडे पूर्ण रिकामे ठेवा.

लस ही पुढची तयारी आहे, आत्ताचा इलाज नाही. आजारी कळपाला जिवंत विषाणूची लस दिली तर त्रास वाढतो. रानीखेतची लस नव्या पिलांना वयानुसार आणि पुढे ठरल्या अंतराने द्यावी, ती चुकवण्याचे काहीच कारण नाही. कोरायझाच्या जंतूचे मुख्य तीन उपप्रकार आहेत आणि लसीत तुमच्याकडचा उपप्रकार नसेल तर तिचा उपयोग तोकडा पडतो. इथेही निकाल कामी येईल. आयएलटीची जिवंत लस मात्र पशुवैद्यकांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय देऊ नका. लस दिलेली कोंबडीही तो विषाणू पसरवू शकते.

नव्या कोंबड्या कधी, हा शेवटचा प्रश्न. बंद कळपाची वाट धरलीत तर उत्तर ‘नाही’ असेच आहे. जागा रिकामी करून सुरुवात करणार असाल, तर मोठ्या तलंगा न आणता, मायकोप्लाझ्मामुक्त आणि लसीकरण केलेल्या कळपाची एक दिवसाची पिल्ले एकाच ठिकाणाहून आणि एकाच वेळी आणा. पुढे कधी मोठी कोंबडी घ्यावीच लागली, तर तिला ३० दिवस घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि तिचे काम दिवसात सर्वात शेवटी करा. वाहक कोंबडी त्या ३० दिवसांतही शिंकणार नाही. म्हणून निम्मे दिवस झाले की आपल्या कळपातली एक निरोगी कोंबडी तिच्यासोबत ठेवा आणि बाकीचे दोन आठवडे नव्या कोंबडीपेक्षा या जुनीवर लक्ष ठेवा. आजारी पडली तर तीच पडेल आणि बाकीच्या वाचतील. कोणीच शिंकले नाही, तर तिसाव्या दिवसानंतर दोघींना बरोबरच कळपात सोडा. एकही शिंक आली, तर दोघींनाही तिथेच ठेवा आणि नमुना पाठवा.